लाइव्ह वाजवायचंय? बेस गिटार, अ‍ॅम्प आणि बाकी सामान कसं निवडायचं

आधी एक छोटा प्रयोग करून बघा. इअरफोन काढा, फोनच्या स्पीकरवर आवडतं गाणं लावा आणि त्यातला बेस ऐका. ऐकू येतोय ना? गंमत म्हणजे तो स्पीकर बेसचा मूळ स्वर जवळजवळ वाजवतच नाही. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार, म्हणजे ई, सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. एवढा खालचा स्वर काढायला जेवढी हवा हलवावी लागते तेवढी फोनच्या चिमुकल्या स्पीकरला हलवता येत नाही. आपल्यापर्यंत पोहोचतात ते त्या स्वराचे वरचे हार्मोनिक्स, आणि त्यांच्यावरून मेंदू मूळ स्वराचा अंदाज बांधतो.

खरेदीच्या दृष्टीने याचे दोन अर्थ होतात. पहिला, फोनच्या स्पीकरवर डेमो व्हिडिओ बघून बेस किंवा अ‍ॅम्प निवडू नका. निदान चांगले वायरचे हेडफोन तरी लावा. दुसरा, स्टेजवर मेंदूच्या अंदाजावर भागत नाही. तिथे खरोखर हवा हलवावी लागते आणि त्यासाठी ताकद, मोठे स्पीकर आणि पैसे लागतात. हे पैसे नेमके कुठे घालायचे हे कळावं म्हणून हा लेख. किमती दर महिन्याला बदलतात, त्यामुळे आकडे देत नाही. कशावर आधी खर्च करायचा आणि कशावर नंतर, तेवढं सांगतो.

बेस कोणता घ्यायचा?

दुकानात शंभर मॉडेलं दिसतील, पण त्यातली बरीचशी तीन जुन्या डिझाइनची नातवंडं आहेत.

पहिलं डिझाइन फेंडरचं प्रिसिजन, १९५१ सालचं. त्याआधी बँडमध्ये माणसाएवढा उभा डबल बेस असायचा. त्याला पडदे नाहीत, त्यामुळे बोट जरा सरकलं की स्वर हलला. लिओ फेंडरने फ्रेट बसवले आणि स्वर अचूक लागायला लागला, म्हणून नाव प्रिसिजन. १९५७ मध्ये त्याला दोन तुकड्यांचा पिकअप आला, तोच आजही दिसतो. आवाज जाड, सरळ, मधल्या पट्टीत भरलेला. एक पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन. बिघडायला फारसं काही नाहीच.

दुसरं फेंडरचंच जॅझ बेस, १९६०. नावात जॅझ असलं तरी त्यावर काहीही वाजतं. याची मान वरच्या टोकाला बारीक, सुमारे ३८ मिलिमीटर, त्यामुळे लहान हातांना सोपी. दोन पिकअप असल्याने आवाजात जास्त छटा मिळतात. एक अडचण मात्र आहे. दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असले की घूं असा हम जवळपास जातो, पण एकच वापरला की तो परत येतो. स्टेजवर लायटिंगच्या डिमरजवळ उभे असाल तर जास्तच.

तिसरं म्युझिक मॅनचं स्टिंगरे, १९७६. याच्या पोटात बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प असतो, म्हणजे बेस अ‍ॅक्टिव्ह. आवाज चकचकीत, ठोसा मारल्यासारखा. अ‍ॅक्टिव्ह बेस घेतलात तर एक सवय लावून घ्या: वाजवून झालं की केबल काढायची. प्लग आत असला की बॅटरी चालूच राहते. शोच्या दिवशी आवाज फाटायला लागला की लोक अ‍ॅम्पला शिव्या देतात, आणि दोष निघतो नऊ व्होल्टच्या बॅटरीचा.

पहिलाच लाइव्ह बेस असेल तर माझं मत सरळ आहे: चार तारा, पॅसिव्ह, प्रिसिजन किंवा जॅझ घराण्यातला. ब्रँड स्क्वायर असो, यामाहा असो, आयबानेझ किंवा कॉर्ट, सुरुवातीच्या किमतीत ब्रँडपेक्षा तुमच्या हातात आलेला तो एक नग कसा आहे याला जास्त महत्त्व. पाच तारांचा मोह बऱ्याच जणांना होतो. ती पाचवी बी तार साधारण ३१ हर्ट्झवर थरथरते, आणि छोट्या अ‍ॅम्पमधून किंवा मांडवातल्या साध्या साउंडमधून तो स्वर धड बाहेरच पडत नाही. नुसती गुरगुर होते. तुमच्या गाण्यांना खरंच गरज असेल तेव्हा घ्या.

दुकानात बेस हातात घेतलात की अ‍ॅम्पला लावण्याआधी नुसता वाजवा. चारही तारांवर प्रत्येक फ्रेट दाबून बघा. कुठे तार खरखरते, कुठे स्वर मरतो? मग पट्टा लावून दहा मिनिटं उभे राहा. दुकानदार बघू दे, लाजू नका. बसून चार किलोचा बेस हलकाच वाटतो, दोन तासांच्या कार्यक्रमात खांदा बोलायला लागतो. काही बेसचं डोकं जड असतं आणि हात सोडला की मान जमिनीकडे जाते. असला बेस घेतलात तर डावा हात सतत आधार देण्यातच गुंतेल. पट्टा रुंद घ्या, निदान तीन इंची.

मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी अजून एक. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, मान वाकते आणि तारा फ्रेटपासून वर येतात किंवा खाली टेकतात. मानेच्या आत असलेल्या लोखंडी सळईने, म्हणजे ट्रस रॉडने, हे दुरुस्त होतं. तो एका वेळी पाव आट्यापेक्षा जास्त फिरवू नका, आणि कधीच केलं नसेल तर आधी कुणाला तरी करताना बघा. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. बुटांच्या खोक्यात येतात त्या चालतात.

तारांचंही थोडक्यात. ४५ ते १०५ हा नेहमीचा सेट. राउंडवाउंड तारा चमकदार आणि खणखणीत, फ्लॅटवाउंड गुळगुळीत आणि गोल आवाजाच्या. मोटाउनच्या गाण्यांमध्ये जेम्स जेमरसनचा जो बेस ऐकू येतो तो प्रिसिजन आणि फ्लॅटवाउंडचा. त्यातला बराचसा अ‍ॅम्पशिवाय थेट मिक्सरमध्ये रेकॉर्ड झालेला आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

अ‍ॅम्प: वॅटच्या आकड्याला भुलू नका

आता खरी गफलत होते ती इथे. घरच्या खोलीत १५ वॅटचा अ‍ॅम्प भिंती हादरवतो, म्हणून तोच घेऊन मुलं ड्रमरसमोर उभी राहतात आणि पहिल्या गाण्यातच गायब होतात.

कानाचं गणित विचित्र आहे. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे 'जरासा मोठा झाला' एवढंच. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. म्हणून २०० ऐवजी ३०० वॅटचा अ‍ॅम्प घेण्यासाठी जास्तीचे पैसे मोजताना दहा वेळा विचार करा. त्याच पैशात जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर मिळत असेल तर तो घ्या. सेन्सिटिव्हिटी म्हणजे एका वॅटवर एक मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल देतो तो आकडा. तो ३ ने जास्त असेल तर वॅट दुप्पट केल्यासारखंच आहे, तेही फुकटात.

ड्रमरसोबत फक्त आपल्या अ‍ॅम्पवर वाजवायचं असेल तर ढोबळमानाने २०० ते ३०० वॅट आणि एक १५ इंची किंवा दोन १० इंची स्पीकर, हे माझ्या मते खालचं टोक. गिटारला ३० वॅट पुरतात मग बेसला का नाही, असं वाटेल. कारण खालचे स्वर हलवायला जास्त ताकद लागते आणि आपले कानही खालच्या स्वरांना कमी तिखट असतात.

जुन्या काळी याला उपाय एकच होता: भलंमोठं धूड. १९६९ मध्ये अँपेगने ३०० वॅटचा एसव्हीटी काढला, व्हॉल्वचा. मोठ्या मैदानांवर बेस ऐकू यावा म्हणून. रोलिंग स्टोन्स त्याच वर्षी तो घेऊन दौऱ्यावर गेले. याचं नुसतं डोकं ३५ किलोच्या वर, आणि आठ स्पीकरचं कॅबिनेट साठच्या वर. आज क्लास डी तंत्रामुळे काही शे वॅटचं हेड दोन-तीन किलोत येतं, पाठीवरच्या बॅगेत मावतं. रिक्षाने किंवा लोकलने जाणाऱ्या वादकासाठी ही खरी क्रांती आहे. व्हॉल्वचा आवाज गोड असतो, मान्य. पण तो तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार?

कॉम्बो घ्यावा की हेड आणि कॅबिनेट वेगळं? कॉम्बो म्हणजे दोन्ही एकाच खोक्यात. सुरुवातीला कॉम्बो सोयीचा. फक्त मागे जास्तीचा स्पीकर जोडायची सोय आहे का ते बघा.

ओहम आणि केबल: इथे अ‍ॅम्प जळतात

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचा, कारण मी तो वाचला नव्हता. कॉलेजच्या गॅदरिंगला मित्राच्या मोठ्या भावाचं हेड मागून आणलं होतं. स्पीकरची केबल घरी राहिली. जॅक तर सारखाच दिसतोय म्हणून मी बेसची साधी केबल हेड आणि कॅबिनेटच्या मध्ये लावली. तिसऱ्या गाण्यात जळका वास आला आणि बेस बंद. दुरुस्तीचे पैसे सहा महिने हप्त्याने फेडले, आणि त्या भावाने परत काही उधार दिलं नाही.

झालं काय? बेसच्या केबलमध्ये मधली तार अगदी बारीक असते, कारण तिला पिकअपचा इवलासा सिग्नल न्यायचा असतो. भोवती हम अडवणारी जाळी. स्पीकरकडे जाणारा करंट कितीतरी मोठा असतो. त्याला दोन जाड तारा लागतात. बारीक केबल तापते, आतलं प्लास्टिक वितळतं, दोन्ही तारा चिकटतात आणि शॉर्ट होऊन अ‍ॅम्पचा शेवटचा भाग उडतो. दोन्ही केबलवर रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा. कॅबिनेटला स्पीकॉन सॉकेट असेल तर उत्तम. फिरवून लॉक होणारा तो निळा-काळा प्लग बेसमध्ये जातच नाही, त्यामुळे चूक करायची संधीच मिळत नाही.

आता ओहम. स्पीकरच्या मागे ८ किंवा ४ ओहम लिहिलेलं असतं. आकडा जितका लहान तितका तो अ‍ॅम्पकडून जास्त करंट ओढतो. ८ ओहमचे दोन कॅबिनेट नेहमीच्या पद्धतीने जोडले की एकूण होतात ४. दोन ४ ओहमचे जोडले की २. तुमच्या हेडच्या मागे 'किमान ४ ओहम' लिहिलं असेल आणि तुम्ही २ लावलेत, तर ते तापून बंद पडेल किंवा कायमचं जाईल. म्हणून पहिलं कॅबिनेट ८ ओहमचं घ्या, उद्या दुसरं जोडता येईल. आणि व्हॉल्वचा अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधीही चालू करू नका.

अमेरिकेतला काका येताना अ‍ॅम्प आणणार असेल तर मागची पट्टी वाचायला सांगा. तिथे वीज १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. पट्टीवर १०० ते २४० लिहिलं असेल किंवा बदलायचं बटण असेल तर ठीक. नाहीतर इथे प्लग लावल्या क्षणी काकांची भेट संपली.

मोठ्या अ‍ॅम्पच्या आधी डीआय बॉक्स

तळहाताएवढी ही डबी बहुतेक जण सगळ्यात शेवटी घेतात. माझ्या मते बेसनंतर पहिली खरेदी हीच.

विचार करा, आपल्याकडे नवा वादक कुठे वाजवतो? कॉलेज फेस्ट, गणपतीतला वाद्यवृंद, लग्नाचं संगीत, सोसायटीचा कार्यक्रम. बहुतेक ठिकाणी साउंडवाल्यांचे मोठे स्पीकर आधीच लागलेले असतात. प्रेक्षकांना बेस त्यांतून ऐकू जातो, तुमच्या अ‍ॅम्पमधून नाही. मग प्रश्न उरतो बेसचा सिग्नल ५० फूट लांबच्या मिक्सरपर्यंत स्वच्छ कसा न्यायचा. साधी केबल वीस फुटांपुढे गेली की पॅसिव्ह बेसच्या आवाजाची धार बोथट होते आणि वाटेत घूं भरतो. डीआय बॉक्स त्या सिग्नलचं रूपांतर बॅलन्स्ड सिग्नलमध्ये करतो. तो माइकच्या तीन पिनी केबलमधून लांब जातो, वाटेत शिरलेला हम मिक्सरमध्ये कापला जातो. मोटाउनवाले थेट मिक्सरमध्ये वाजवायचे, ते याच मार्गाने.

निवडताना ढोबळ नियम: बेस पॅसिव्ह असेल तर अ‍ॅक्टिव्ह डीआय, बेस अ‍ॅक्टिव्ह असेल तर पॅसिव्ह डीआय. अ‍ॅक्टिव्ह डीआयला बॅटरी किंवा मिक्सरमधून येणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. साउंडवाल्या दादांना आधी विचारून ठेवा. थोडे जास्त पैसे असतील तर आवाज घडवायची सोय असलेला प्रीअ‍ॅम्प डीआय मिळतो, टेक २१ चा सॅन्सअ‍ॅम्प त्यातला प्रसिद्ध. तो पायाशी असला की अ‍ॅम्प नसला तरी शो निघतो. बऱ्याच हेडच्या मागेही डीआय आउट असतो. त्यावर प्री आणि पोस्ट असं बटण असेल तर प्रीवर ठेवा. मग तुम्ही स्टेजवर बेसचा नॉब फिरवलात तरी समोरच्या लोकांचा आवाज बिघडत नाही.

डीआयवर ग्राउंड लिफ्ट नावाचं छोटं बटण असतं. अ‍ॅम्प आणि मिक्सर वेगवेगळ्या बोर्डांवर असले की घूं सुरू होतो, तेव्हा ते दाबून बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ हर्ट्झचा. म्हणजे तो हम तुमच्या जी स्वराला जवळजवळ चिकटून बसतो आणि इक्वलायझरने कापायला जाल तर स्वरही जातो. त्यामुळे मुळाशीच उपाय हवा. पण एक गोष्ट कधीही करू नका: हम घालवायला प्लगची अर्थिंगची पिन तोडणं किंवा दोन पिनी अडॅप्टर लावणं. जनरेटर, ओला मांडव, हातात लोखंडी तारा आणि ओठांशी माइक. शॉक लागला तर तो जीवघेणा असू शकतो. साउंडवाल्यांना सांगा, बोर्ड बदलायला लावा. ते कुरकुर करतील, करू दे.

बाकीचं किरकोळ

क्लिपवाला किंवा पायाखालचा ट्यूनर घ्या. फोनवरचं अ‍ॅप घरी छान चालतं, पण माइकवर ऐकत असल्याने स्टेजच्या गोंगाटात गडबडतं. फोनला बेस जोडून अ‍ॅम्प अ‍ॅपमधून वाजवायचा विचार असेल तर सरावापुरता ठीक. ब्लूटूथ हेडफोन त्यासाठी अजिबात नको, कारण आवाज उशिरा पोहोचतो आणि ताल सुटतो. शोमध्ये फोन वापरलाच तर फ्लाइट मोडवर, नाहीतर सोलोच्या मध्येच मामाचा फोन.

इफेक्ट पेडल नंतर. घ्यायचंच झालं तर आधी कॉम्प्रेसर, आणि खरं तर तोही नंतर.

त्यापेक्षा अ‍ॅम्पचे नॉब नीट लावायला शिका. घरी एकटे असताना बेस आणि ट्रेबल वर, मिड खाली असा हसरा इक्वलायझर मस्त वाटतो. बँडमध्ये तोच आवाज हरवतो. खाली किक ड्रम आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात, वर झांजा आणि गिटार, आणि मधली तुमची जागा तुम्हीच रिकामी केलेली. २५० हर्ट्झच्या आसपास थोडं कमी करा, ७०० ते १००० च्या मध्ये थोडं वाढवा. एकट्याने ऐकताना नाकातून आल्यासारखं वाटेल, पण गाण्यात स्वर सुटा ऐकू येईल. आणि कीबोर्डवाल्या दादाला आधीच प्रेमाने सांगा की डावा हात जरा आवरा.

अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा. जमिनीवर ठेवला की आवाज तुमच्या गुडघ्यांना ऐकू जातो, तुम्ही वाढवत राहता आणि पहिल्या रांगेतले कान झाकतात. कोपऱ्यात ढकलला तर खालचे स्वर फुगतात आणि सगळं गढूळ होतं. कानांचंही बघा. ९४ डेसिबलला सुरक्षित वेळ सुमारे एक तास, १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. म्हणून कानात घालायचे संगीतकारांचे प्लग, जे पट्टी न बदलता आवाज कमी करतात, ते सामानाच्या यादीत असू द्या.

जुनं घेताना

बजेट कमी असेल तर जुना चांगला बेस नव्या साध्या बेसपेक्षा बरा. ऑनलाइन जाहिरात पाहून प्रत्यक्ष भेटा, वाजवून बघा, मगच पैसे द्या. 'टोकन पाठवतो, क्यूआर स्कॅन करा' असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबा. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. बेसचे नॉब फिरवून खरखर ऐका, केबल लावलेली असताना जॅक हलवून बघा. या दोन्ही गोष्टी थोड्या पैशात दुरुस्त होतात, त्यामुळे भाव पाडायला उपयोगी. मान पिळलेली असेल, ट्रस रॉड फिरतच नसेल किंवा फ्रेटवर तारेच्या खोल खाचा असतील तर मात्र सोडून द्या. जुना अ‍ॅम्प बघताना किमान वीस मिनिटं चालू ठेवून, आवाज वाढवून ऐका. गार असताना सगळेच अ‍ॅम्प चांगले असतात. मागचा पंखा फिरतो का, जळका वास येतो का, स्पीकरच्या कागदाला चीर आहे का, आणि अर्थिंगची पिन जागेवर आहे का, हेही बघून घ्या.